पिंपळे सौदागरची १०३ कुटुंबं आणि आपला गूगल फॉर्म

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि "म्हणजे बघा ना" तेवढे कमी केलेत.)

आजचा विषय आहे रिसर्च मेथडॉलॉजी. थांबा, स्किप करू नका. मला माहितीये, हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर स्पायरल बाइंडिंगचा प्रोजेक्ट, कुणाच्या तरी सीनियरकडून आणलेली प्रश्नावली आणि "सर, सॅम्पल साइज १०० चालेल का?" हा प्रश्न येतो. पण आजची गोष्ट पुण्याची आहे, त्यात एक इंग्रज केमिस्ट आहे, २६-२७ वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर आहेत, आणि एक प्रश्न जरा वेगळा विचारल्यामुळे देशातली गरिबी जवळपास निम्मी झाल्याचा किस्साही आहे. तेव्हा हेडफोन काढू नका.

आधी हे आत्ताच का, ते सांगते. पूर्वी संशोधन पद्धती हा पीएचडीवाल्यांचा प्रांत होता. यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएचडीसाठी कोर्सवर्क सक्तीचं केलं, त्यात हा विषय आला. आता चार वर्षांची पदवी आली आहे, आणि चांगले मार्क असतील तर चौथ्या वर्षी "रिसर्चसह ऑनर्स" करता येतं. म्हणजे वीस-एकवीस वर्षांची मुलंमुली आता सर्व्हे करणार. ती हे शिकणार कुठे? मोबाइलवर. एनपीटेल २००३ पासून आहे, २०१७ मध्ये स्वयम आलं, त्यावर सामाजिक शास्त्रांच्या संशोधन पद्धतीचे कोर्स आहेत. व्हिडिओ फुकट, दर आठवड्याला असाइनमेंट, सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा.

माझी मावसबहीण कोल्हापूरला बीए करते. तिने मला अशाच एका कोर्सची लिंक पाठवली. "ताई, तू पण कर ना, मला डाउट विचारायला कुणीतरी हवं." मी बीटेक. चार वर्षांत आम्हाला मशीनला प्रश्न कसा विचारायचा ते भरपूर शिकवलं, माणसाला कसा विचारायचा ते कुणीच नाही. ऑफिसात आम्ही यूजरने कुठे क्लिक केलं ते मोजतो, त्याने का केलं हे मीटिंगमध्ये बसून ठरवतो. तर मीही नाव नोंदवलं आणि हिंजवडीच्या बसमध्ये दीडच्या स्पीडने लेक्चर ऐकायला लागले.

कोर्स वाईट नव्हता. गडचिरोलीतल्या कॉलेजातल्या मुलीला आणि मला एकच शिक्षक, एकच स्लाइड, आणि नाही कळलं तर दहा सेकंद मागे जायची सोय. ही फार मोठी गोष्ट आहे. मला खटकलं ते उदाहरणांचं. सगळी उदाहरणं अमेरिकेची. मिलग्रॅमचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग, स्टॅनफर्डचा तुरुंग, १९३६ ची निवडणूक. आणि मी हे सगळं ऐकत होते पिंपळे सौदागरला, ज्या गावात भारतातल्या अगदी सुरुवातीच्या, घराघरात शिरून केलेल्या खेड्याच्या सर्वेक्षणांपैकी एक झालं होतं! कोकणे चौकात रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या किती जणांना हे माहिती असेल?

तर डॉ. हॅरोल्ड मॅन. हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. मूळचे केमिस्ट. भारतात आधी चहाच्या मळ्यांसाठी काम केलेलं. पण माणसाला एक जादा किडा होता. इंग्लंडमध्ये राउंट्री नावाच्या गृहस्थाने यॉर्क शहरातल्या गरिबीचा घरोघरी जाऊन अभ्यास केला होता. तीच पद्धत मॅन यांनी बेडफर्डशरमधल्या रिजमाउंट या खेड्याला लावून पाहिली होती. म्हणजे कुटुंबाला जगायला कमीत कमी किती लागतं ते काढायचं, त्याचं उत्पन्न किती ते काढायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. पुण्यात आल्यावर त्यांनी हाच प्रश्न दख्खनच्या खेड्याला विचारला. गाव निवडलं पिंपळे सौदागर. पुस्तक १९१७ मध्ये आलं, 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज'. त्यात स्पेलिंग "पिंपला सौदागर" असं आहे, गूगल करताना लक्षात ठेवा.

त्यांनी काय काय मोजलं? जमीन, पाऊस, विहिरी, जनावरं, पिकं, कर्ज, लग्नाचा खर्च. जुन्या कागदपत्रांतून मागे जात जात ते पार १७७१ पर्यंत पोचले. तेव्हा गावात एका खात्याला सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्या साली, साडेसतरा एकर. १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. आणि ते सात एकरही सलग नव्हेत. १५६ खातेदार, आणि जमिनीचे तुकडे सातशेहून जास्त. त्यातले ४६३ तुकडे एकरापेक्षा लहान. भावाभावांत वाटणी करताना "तू ते शेत घे, मी हे घेतो" असं होत नसे. प्रत्येक शेताचे तुकडे पडत, कारण जमिनीचा कस जागोजागी वेगळा आणि कुणालाच फसायचं नसतं. आज याच जमिनींवर बारा मजली टॉवर उभे आहेत.

पण खरा धक्का कुटुंबांच्या हिशोबात होता. त्यांनी १०३ कुटुंबांचा ताळेबंद मांडला. फक्त शेतीवर भागतंय अशी कुटुंबं ८. बाहेरची मजुरी-नोकरी धरली तर भागतंय अशी २८. आणि सगळं धरूनही भागत नाही अशी ६७. तीनपैकी दोन घरं तोट्यात! तेव्हा सरकारी कागदांत शेतकरी कर्जबाजारी का, याचं ठरलेलं उत्तर असे: उधळ्या आहे, लग्नात खर्च करतो. मॅन यांच्या तक्त्यांनी हे उत्तर बरंच अडचणीत आणलं. दोनतृतीयांश गाव काही उधळेपणाने बुडत नाही.

इथे कोर्समधला एक जड शब्द आपोआप कळतो. एका गावावरून सगळ्या दख्खनबद्दल बोलता येईल का? मॅनना हा प्रश्न स्वतःलाच पडला होता. पिंपळे सौदागर पुण्याच्या फार जवळ. माणसं खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जात, दूध-भाजी शहरात विकली जाई. हे काही सर्वसाधारण खेडं नव्हे. म्हणून त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर दुसरं गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, शहरापासून लांब. तो अभ्यास १९२१ मध्ये आला आणि तिथली स्थिती पिंपळ्यापेक्षाही वाईट निघाली. आमच्या कोर्समध्ये यालाच "एक्स्टर्नल व्हॅलिडिटी" म्हणतात आणि त्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न येतो.

आता गोष्टीत बाबासाहेब येतात. १९१८ साल. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले, वय २६-२७. त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय या विषयावर एक निबंध छापला. तेव्हा मुंबई इलाख्यात आणि बडोद्यात जोरात चर्चा चालली होती की जमिनीचे तुकडे एकत्र करा, कायद्याने तुकडे पडू देऊ नका, म्हणजे "किफायतशीर" खाती तयार होतील. पण किफायतशीर म्हणजे काय? शेतीखात्याचे कीटिंग म्हणत, जी जमीन कुटुंबाला बऱ्यापैकी सुखात पोसेल ती. मॅन म्हणत, जी कुटुंबाला किमान समाधानकारक राहणीमान देईल ती.

आंबेडकरांनी दोघांची व्याख्या घेतली आणि तिच्याच मुळावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही जमीन मोजताय ती पोटाच्या मापाने. जमीन हे उत्पादनाचं साधन आहे. ती किफायतशीर आहे की नाही हे किती तोंडं खातात यावर ठरत नाही. जमिनीबरोबर बैल किती, अवजारं किती, भांडवल किती, हात किती, यांच्या प्रमाणावर ठरतं. एका बैलजोडीचीही ऐपत नसलेल्याला पाच एकर जास्त होतील, आणि विहीर, दोन जोड्या, खत असं सगळं असणाऱ्याला तेच पाच एकर कमी पडतील. एकर तेवढेच. पुढे ते म्हणाले की त्या अर्थाने आपली खाती लहान नाहीत, उलट मोठीच आहेत, कारण ती कसायला लागणारी साधनंच आपल्याकडे कमी आहेत.

बघा आता, व्याख्या बदलली की उपाय कसा बदलतो. पहिली व्याख्या घेतली तर उत्तर येतं: तुकडे जोडा, खाती मोठी करा. त्यात ज्याचा तुकडा जाईल तो भूमिहीन मजूर होईल, ते वेगळंच. दुसरी घेतली तर उत्तर येतं: शेतीवरचा माणसांचा भार कमी करा, भांडवल आणा, उद्योग उभे करा. आंबेडकरांनी हेच दुसरं उत्तर दिलं. कोर्समध्ये "ऑपरेशनल डेफिनिशन" नावाची सहा मिनिटांची क्लिप होती. संकल्पना मोजता येईल अशा भाषेत मांडणे, इतकंच. बरोबर आहे, चूक काहीच नाही. पण त्या सहा मिनिटांत कुणाची जमीन जाईल आणि कुणाची राहील हा प्रश्न लपलेला आहे, हे मला पिंपळे सौदागरने सांगितलं.

(इथे मी एक घोट पाणी प्यायले होते, ऑडिओत ऐकू आलं असेल. सॉरी.)

सॅम्पलिंगबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण १९३६ चा अमेरिकेचा किस्सा तुम्ही कुठेतरी ऐकलाच असेल. लिटररी डायजेस्ट मासिकाने एक कोटी लोकांना पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी छापलं की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळात टेलिफोन आणि गाडी परवडणाऱ्यांची. शिवाय पत्र परत पाठवायची तसदी घेतली ती ज्यांना राग होता त्यांनी. मोठं सॅम्पल म्हणजे चांगलं सॅम्पल, हा गैरसमज तिथे मेला. आपल्याकडे मात्र तो क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "प्लीज फिल धिस फॉर्म, ओन्ली टू मिनिट्स" म्हणत अजून हिंडतो.

पण नेमक्या त्याच वेळी, १९३६-३७ मध्ये, पुण्यात धनंजयराव गाडगीळ आणि त्यांची माणसं शहरातली कुटुंबं नमुना म्हणून निवडून घरोघर फिरत होती. गाडगीळ म्हणजे गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. संस्था १९३० ची, संचालक झाले तेव्हा त्यांचं वय २९. त्या पुणे सर्वेक्षणाचा पहिला भाग छापून आला १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये. ज्यांना गाइडने दोन महिन्यांची मुदतवाढ दिली नाही म्हणून वाईट वाटतंय, त्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावं. तेव्हा कुणी लॅपटॉप उघडून पिव्होट टेबल करत नव्हतं. सगळं हाताने. बीएमसीसी रोडवर ती संस्था आजही आहे.

आता तो गरिबीचा किस्सा. माझ्या मते कुठल्याही सुरुवातीच्या कोर्सने पहिल्याच आठवड्यात हाच सांगावा.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने. घरोघरी जाऊन विचारायचं, तुम्ही काय खाल्लं, किती खर्च केला. सोपं वाटतं? तुम्हीच सांगा, गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी तूरडाळ किती किलो लागली? नाही आठवत. मग गेल्या सात दिवसांत? जरा आठवतं. पण सात दिवसांचं विचारलं की माणूस आठव्या-नवव्या दिवसाची खरेदीही त्यात ढकलतो, आणि आपण ते गुणून महिन्याचं करतो तेव्हा आकडा फुगतो. तीस दिवसांचं विचारलं की बारीकसारीक विसरतं, आकडा आक्रसतो. पन्नासच्या दशकात बंगालमध्ये याची चाचणी झाली. काही घरांत धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिलं आणि त्याच्याशी लोकांची उत्तरं ताडली. महिन्याचा प्रश्न जास्त जवळ आला. म्हणून तीस दिवस ठरले आणि पुढची कित्येक वर्षं तेच चाललं.

मग १९९४ ते १९९८ या काळातल्या फेऱ्यांत एक प्रयोग झाला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सरळ ए-बी टेस्ट. काही घरांना जुना फॉर्म, ज्यात सगळ्याच गोष्टींसाठी तीस दिवस. काहींना नवा फॉर्म, ज्यात खाण्यापिण्याच्या गोष्टींसाठी सात दिवस आणि कपडे-वस्तूंसारख्या क्वचित होणाऱ्या खर्चासाठी वर्ष. कोणाला कुठला फॉर्म हे नशिबावर. देश तोच, साल तेच, माणसं तशीच. नव्या फॉर्मवर खर्चाचा आकडा वर गेला, आणि दारिद्र्यरेषेखालची माणसं जवळपास निम्मी झाली. कोट्यवधी माणसं एका वाक्यामुळे गरिबीच्या बाहेर! कुणाच्या ताटात एक घास वाढला नाही.

पुढची फेरी १९९९-२००० ची, मोठी, जिच्यावरून सरकारी गरिबी ठरते ती. तिच्यात एकाच घराला, एकाच कागदावर, सात आणि तीस असे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. आता विचार करा, मी तुम्हाला आधी सात दिवसांचं विचारलं आणि लगेच तीस दिवसांचं, तर तुम्ही दुसरं उत्तर पहिल्याशी जुळवूनच देणार ना? १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेली गरिबी २६ टक्क्यांवर आलेली दिसली. उदारीकरणाने गरिबी हटवली म्हणणारे खूश, विरोधक चिडलेले. आणि अर्थतज्ज्ञ डोक्याला हात लावून बसलेले, कारण प्रश्नच बदलला असेल तर तुलना कशाची करायची? त्या वादावर जाडजूड पुस्तकं निघाली. रेशन, योजना, निधी, सगळं या आकड्यांना बांधलेलं असतं. म्हणून मला "रिकॉल पिरियड" हा शब्द परीक्षेपुरता पाठ करायला देतात तेव्हा जरा राग येतो.

जाता जाता बॅकअपबद्दल एक. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहून अभ्यास केला. नंतरची कित्येक वर्षं त्या नोंदी नीट लावल्या, तीन प्रती केल्या. १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला होते, तिथे कुणीतरी आग लावली आणि तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. मग त्यांनी ते गाव बरंचसं आठवणीतून लिहिलं, 'द रिमेंबर्ड व्हिलेज', १९७६. आठवण किती दगा देते यावर आत्ताच मी इतकं बोलले, आणि हे पुस्तक मात्र आठवणीवर उभं असूनही उत्तम मानलं जातं. म्हणजे बाईंनी स्वतःच्या एपिसोडला स्वतःच छेद दिला म्हणा. पण एक प्रत ड्राइव्हवर टाका रे बाबांनो.

मग ऑनलाइन कोर्स करावा का? जरूर करावा. संज्ञा कळतात, सॉफ्टवेअर हाताळायला येतं, संमतीपत्र म्हणजे काय ते समजतं. मात्र त्याच्या बाजूला आपल्या जिल्ह्यातलं एक जुनं सर्वेक्षण घेऊन बसा. मॅन यांचं पुस्तक इतकं जुनं आहे की डिजिटल लायब्ररीत शोधायला हरकत नाही. पिंपळे सौदागरचं पुन्हा सर्वेक्षणही झालं, पी. डी. डिसकळकर यांचं, ते १९६० मध्ये छापलं गेलं. दोन्ही शेजारी ठेवून बघा की दुसऱ्या वेळी कुठला प्रश्न तसाच विचारलाय आणि कुठला बदललाय. असला गृहपाठ कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

माझ्या बहिणीचा प्रोजेक्ट आहे हॉस्टेलच्या मुलींचा जेवणाखाण्यावरचा खर्च. तिने आधी प्रश्न लिहिला होता, "तुमचा मासिक खर्च किती?" परवा तिचा फोन आला. आता दोन फॉर्म आहेत, एक सात दिवसांचा, एक तीस दिवसांचा. खोली नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठला ते ठरवणार. आणि ग्रुपवर टाकणार नाही, स्वतः दारोदार जाणार. "ताई, पण खर्चात घरून आलेला डबा धरायचा का गं? चटण्या, लाडू? आईने पाठवलेलं तूप?" मी म्हटलं, तूच ठरव, पण ठरवलंस की लिहून ठेव आणि सगळ्यांना सारखंच विचार. ती म्हणाली, बघते, आधी दोघी-तिघींना विचारून. डबा धरला तर कोकणातल्या मुली एकदम श्रीमंत होतील म्हणे, माशांच्या लोणच्यामुळे.

तिचे आकडे आले की तिला घेऊनच एक एपिसोड करू. तोवर तुमच्या गावाचं, तालुक्याचं जुनं सर्वेक्षण कुठे वाचलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या शनिवारी.